मायबाप सरकारास, चाकणहून

माननीय मायबाप सरकार,


आधी आभार मानतो. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं आमचं चाकण आज मोटारींमुळे जगाला ठाऊक आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मागोमाग आणखी कंपन्या आल्या. कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. हे उपकार आम्ही नाकारत नाही.

परदेशी पाहुण्यांचा मान कसा राखावा, हे आपल्याकडूनच शिकावं. त्यांना जमीन, वीज, पाणी आणि सवलती सगळं एका खिडकीत मिळतं.

मावळच्या शेतकऱ्यांना ती खिडकी सापडली नाही, महाराज. पवना धरणाला त्यांनी जमिनी दिल्या, त्यातल्या शेकडो खातेदारांचं पुनर्वसन अजून बाकी आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि वाटेत काठावरचे पंप शेतं भिजवतात. आपण केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून पिंपरी-चिंचवड शहरासाठी धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी मंजूर केलीत. पाणी पाइपात गेलं तर आमचा काठ कोरडा पडेल, एवढंच शेतकरी सांगत होते. ते सांगायला ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, ते बऊरजवळ द्रुतगती मार्गावर बसले. त्या दिवशी आपण तातडीने आलात, पण बंदुका घेऊन. तिघं गेले, त्यांत एक बाई होती. पिंपरी-चिंचवडच्या नळाला पाणी हवंच, हे मीही मानतो. तरीही ते तिघं माझ्या घशात अडकतात. गोळीबारानंतर जलवाहिनीचं काम थांबलं; बारा वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच कामावरची स्थगिती आपण उठवलीत.

२००५ साली माहितीचा अधिकार दिलात, त्याबद्दल शतशः आभार. तळेगाव दाभाड्यातल्या सतीश शेट्टींनी तो मनापासून वापरला, जमिनींचे गैरव्यवहार उजेडात आणले. जिवाला धोका आहे, असं त्यांनी आपल्याला कळवलंही होतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी ते घराबाहेर पडले आणि भर रस्त्यात त्यांचा खून झाला.

आणि माझा भाचा. पहाटे पाचला डबा भरून चौकात कंपनीच्या बसची वाट बघतो. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव ठेकेदाराचं, कंपनीचं नाही. सात महिने भरले की ब्रेक. मग दुसरा ठेकेदार, दुसरं ओळखपत्र, पगार तोच. युनियनचं नाव काढलं की उद्यापासून गेट बंद. कामगार कायदे आपलेच आहेत, साहेब. ते गेटच्या आत नेण्याची विनंती मी कुणाकडे करू?

एक आर्जव आहे. एखाद्या कंपनीशी पुढचा करार सह्यांना येईल, तेव्हा त्याचा मराठी मसुदा आधी आमच्या ग्रामसभेत वाचा. ज्याची जमीन, ज्याचं पाणी, ज्याचा मुलगा त्या कामावर जाणार, त्याचं म्हणणं सहीच्या आधी लिहून घ्या. बोलावणं नाही आलं तरी आपण या. सतरंजी आम्ही घालू.

आपला आज्ञाधारक,
चाकणचा एक रहिवासी