सहावी जागा

बारामती–इंदापूर एसटीत भवानीनगरच्या पुढं खिडकीशी एखादा तिशीला टेकलेला गडी मोबाइलकडं नुसता बघत बसलेला दिसला, अंगठा हलत नाही, पापणी लवत नाही, की समजावं हा तोच. रील बघणाऱ्याचा अंगठा चालतो. रमी खेळणाऱ्याला घाम फुटतो. याच्यासमोर सहा चौकोन असतात, त्यांतले पाच भरलेले. सहाव्या जागी कुणाला घ्यायचं याचा निकाल लासुर्ण्यापर्यंत लागत नाही, आणि निमगाव केतकी येईतो पहिले पाचही रद्द झालेले असतात. तो पोकेमॉनची टीम बसवतोय.

असा एक आमच्या भागात जवळपास प्रत्येक वाडीला आहे. त्याला आपण बॅलन्सशेठ म्हणू, कारण दर तिसऱ्या वाक्याला तो म्हणतो, ‘‘बॅलन्स पाहिजे भावा, बॅलन्स.’’ बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्ट, इंदापूर तालुक्यात बापाचा ऊस, आणि डोक्यात जपानी जनावरं. पोकेमॉनचा पहिला खेळ जपानात 1996 साली आला आणि याचा जन्मही त्याच सालचा. हा योगायोग आहे असं त्याच्यासमोर म्हणू नये. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर पिकाचू हिंदी बोलू लागला तेव्हा वाडीतली सगळी पोरं एकाच टीव्हीसमोर बसायची. त्यातली बाकीची सातवी-आठवीत सुधारली. हा राहिला.

निन्टेंडोचं यंत्र त्याच्याकडं नाही. तो विषय त्यानं घरात एकदा काढला होता, तेव्हा बापानं, म्हणजे आण्णांनी, शांतपणे त्या पैशात शेळ्या किती येतात एवढंच विचारलं. म्हणून तो ‘शोडाउन’वर खेळतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये फुकट उघडतं, जनावरं पकडत हिंडावं लागत नाही, यादी भरली की थेट लढत. समोर ब्राझीलचा असो की कोरियाचा, सामना ठरतो आपल्या गोठ्याशेजारच्या कट्ट्यावर, कारण रेंज तिथंच येते.

आता यात बसवायचं काय असतं, हे तो न विचारता सांगतो. एकूण 18 प्रकार. पाणी आगीला मारतं, आग गवताला, गवत पाण्याला, इथपर्यंत बालवाडी. पुढं कोण कुणाला दुप्पट लागतो, कुणाला निम्मा, कुणाला लागतच नाही, याचा 324 घरांचा तक्ता त्याला पाठ आहे. सातबारा वाचता येत नाही, पण हा तक्ता झोपेत म्हणेल. ‘‘जमिनीच्या प्रकाराला वीज अजिबात लागत नाही,’’ असं त्यानं एकदा जेवताना सांगितलं. आण्णा म्हणाले, ‘‘उसाला पाणी सोडलंय. वल्या पायानं जाऊन स्टार्टर धर आन् मग सांग मला.’’

नवखा खेळाडू त्याच्या तावडीत सापडला की बघण्यासारखं असतं. पोरानं हौसेनं सहा जण आणलेले असतात, सहाही मारके, सहाही देखणे, पहिला अर्थातच चॅरिझार्ड. बॅलन्सशेठ यादीवरनं नजर फिरवतो आणि सुस्कारा टाकतो. ‘‘सगळे सरपंचच घेतलेस की लेका. सतरंज्या कोण उचलणार?’’ मग चॅरिझार्डची चिरफाड. समोरच्यानं आधीच मैदानात टोकदार दगड पेरून ठेवले असतील, तर हा आग ओकणारा उडता गडी नुसता उतरला तरी निम्मा जीव जातो. दोन्ही अंगांनी दगडाला कच्चा. ‘‘त्याला बूट घाल.’’ पोराला ही थट्टा वाटते. थट्टा नाही. 2019 च्या खेळापासून जाड बूट नावाची वस्तू खरंच आहे, ते घातले की दगड टोचत नाहीत. ऊसतोडीच्या रानात अनवाणी हिंडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, असं त्याचं मत.

त्याचा खरा लाडका मात्र इन्सिनरोर. दोन-दोनच्या जोडीनं लढायच्या स्पर्धांत हा गुरगुरणारा पैलवान वर्षानुवर्षं टीमा अडवून बसलाय. त्याचं काम एवढंच, की मैदानात यायचं. आल्या आल्या समोरच्या दोघांचा जोर उतरतो. मग जाताजाता एक टोमणा मारून परत जायचं, म्हणजे पुन्हा येता येतं. आला, दम दिला, गेला. हे ऐकून आण्णांनी पहिल्यांदाच मोबाइलकडं मान वळवली. ‘‘आमच्यातबी हाय असा एक. सभेला येतो, माईक हातात घेतो, दोन वाक्यं बोलतो आन् गाडीत बसतो. मतं त्याच्यावरच फिरतात.’’

आण्णांचं सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर पॅनेलं बसवली. आमच्याकडं कारखाने थोडेथोडके नाहीत. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. शिवाय प्रत्येक गावची सोसायटी आणि दूध संस्था. कायद्यानं संचालक जास्तीत जास्त 21. त्यात 2 महिला, 1 अनुसूचित जाती-जमातीचा, 1 इतर मागासवर्गाचा, 1 भटक्या-विमुक्तांचा किंवा विशेष मागास प्रवर्गाचा. उरलेल्यांत हा गट, तो गट, वरची वाडी, खालची वाडी, ज्याला मागच्या वेळी थांबवलं तो, आणि ज्याला घेतलं नाही तर पाडतो तो. हे सगळं आण्णा एका वहीच्या पाठपुठ्ठ्यावर जुळवतात. मुलगा हे बघत मोठा झाला. पिकाचूनं त्याला नादी लावलं असं लोक म्हणतात; मला तर हे सरळ आण्णांचं रक्त वाटतं.

एका रात्री बापलेकांत जी चर्चा झाली ती मी कट्ट्यावर बसून ऐकली.

‘‘किती जणांची टीम म्हणतोस?’’

‘‘सहा, आण्णा. पण समोरच्याचे सहा बघायचे आन् आपल्यातले चारच उतरवायचे.’’

‘‘म्हंजे समोरच्याची यादी आधी दिसती?’’

‘‘दिसती की.’’

आण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. ‘‘आन् दोघं घरी बसवायचे.’’

‘‘व्हय.’’

‘‘ते रात्री समोरच्याच्यात जात न्हाईत?’’

‘‘न्हाई.’’

‘‘अपक्ष उभं ऱ्हात न्हाईत?’’

‘‘न्हाई आण्णा. ते बोलतच न्हाईत.’’

‘‘सुखी हायस लेका,’’ आण्णा म्हणाले आणि बार भरला.

बॅलन्सशेठच्या घरात एकच फोटो आहे ज्याच्यावरून आईचा आणि त्याचा वाद होतो. देवघराच्या वरच्या फळीवर एका निळ्या-पांढऱ्या खारीचं चित्र. तिचं नाव पाचिरिसू. अंगात जोर नाही, दिसायला खेळणं. पण 2014 च्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या सेजुन पार्कनं तिला टीममध्ये घेतलं आणि तो विजेता झाला. तिचं काम म्हणजे ‘माझ्याकडं बघा’ म्हणून समोरच्याचे घाव स्वतःवर ओढून घ्यायचे, तेवढ्यात शेजारचा राक्षस आपलं काम उरकतो. ही गोष्ट सांगताना शेठचा आवाज खाली येतो. आई म्हणते, त्या खारीला तिथनं काढ, नाहीतर उदबत्ती तिलाच लागेल. आण्णांना मात्र ती पटली. डमी अर्जाचं महत्त्व त्यांना कुणी शिकवायला नको.

इतकं सगळं कळतं, तर हा जिंकत असेल असं वाटेल. नाही. एकाएका जनावराला वाढीचे 510 गुण असतात, एका रकान्यात 252 च्या वर चालत नाहीत. ते वाटण्यात याच्या दोन शिफ्टा जातात. चार गुण वेगातनं काढून अंगकाठीत घालायचे, कारण कुणा एकाचा अमुक घाव मग जेमतेम झेलता येतो. तो घाव घालणारा समोर कधी येत नाही. येतो तो ज्याचा विचारच केला नव्हता असा. वाडीत अशीही पोरं आहेत ज्यांनी वर्षभर तीच सहा जनावरं ठेवलीत. त्यांना तक्ता पाठ नाही, पण आपली जनावरं कुठं कच खातात हे हाताला ठाऊक असतं. ती याला पाडतात.

परवा तर निकाल त्याच्या बाजूनं लागलाच होता. समोरच्याचा एक उरलेला, याचे तीन, इन्सिनरोर नुकताच दम देऊन मागं गेलेला. तेवढ्यात आण्णांचा फोन. ‘‘लाइट आली, मोटर टाक.’’ रात्रपाळीची लाइट. आली तेव्हा पाणी धरायचं, नाहीतर उद्याचा वांधा. फोन घेतला, विहिरीकडं पळाला, रेंज गेली, घड्याळ संपलं, हरला. परत आल्यावर मी म्हटलं, वाईट झालं. तर म्हणतो, ‘‘न्हाई, टीमच चुकली. असल्या वेळेला लवकर संपवणारी टीम पाहिजे.’’ आणि कट्ट्यावर बसून सहाच्या सहा बदलले. मागं पालखीच्या दिवसांत रस्ता बंद म्हणून सुट्टी मिळाली, तेव्हा त्यानं सावकाश लढणारी टीम बसवली होती. ती एकदाही लढली नाही.

स्थळं येतात. मुलीकडच्यांनी विचारलं, बागायत किती? यानं एकर सांगितले आणि पुढं तोंडातनं निघून गेलं की जमीन असली म्हणजे विजेची भीती नाही. आण्णांनी चहा लवकर मागवला.

माझं मत विचाराल तर हा खेळाडू नव्हेच. त्याला लढत नको असते, जुळणी हवी असते. हरण्यानं त्याला दुःख होत नाही, नव्या यादीचं निमित्त मिळतं. तेव्हा तुमच्या सोसायटीचं पॅनेल बसत नसेल तर त्याला जरूर बोलवा. मानधन मागणार नाही, चहा तोच पाजेल, आणि वरच्या वाडीचा नाराज माणूस कुठं बसवायचा हे अचूक सांगेल. फक्त अर्ज भरायला त्याला पाठवू नका. मुदत संपेपर्यंत तो सहावं नाव खोडत बसलेला असेल.