न लागणारी गोळी

“लागली का?” बाबांनी मागून विचारलं.

“नाही. लागायची नव्हतीच.”

“मग झाडलीस कशाला?”

‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ हा २०१२ सालचा खेळ. परग्रहवासी पृथ्वीवर उतरलेत आणि आपले चार-सहा शिपाई त्यांच्याशी डाव-प्रतिडाव करत लढतायत. बाबांचा जन्म हिशेबखात्यात गेलेला. त्यांना सप्रेशन, म्हणजे शत्रूला नुसतं दडपून ठेवणारा गोळीबार, समजावणं म्हणजे नसलेल्या खर्चाची पावती दाखवणं.

मी म्हटलं, शत्रू भिंतीआड आहे. पूर्ण आडोसा असला की माझ्या नेमातले चाळीस गुण सरळ कापले जातात. म्हणून माझा मशीनगनवाला त्या भिंतीवर नुसता भडिमार करतो. इजा शून्य. पण शत्रूचा नेम तीस गुणांनी घसरतो, तो कुणावर टपून बसला असेल तर तेही मोडतं, आणि जागचा हलला तर माझ्या गड्याला एक फुकटची गोळी. तोवर माझी दुसरी शिपाई वळसा घालून त्याच्या बगलेला पोचते. मग भिंत असून नसल्यासारखी.

“म्हणजे भेदरवायचं. एवढंच ना?”

एवढंच! आमची आई रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून “अजून जागाच का रे?” म्हणते. बाहेर येत नाही, यायचं तिच्या मनातही नसतं. पण माझा फ्रिजकडे जायचा बेत जागीच बारगळतो.

डावाडावाच्या खेळांची मौज ही, की इथे भीतीला आकडा लागतो. १९९५च्या ‘स्टील पँथर्स’मध्ये तर प्रत्येक तुकडीच्या नावे ती साठत जाते. आकडा वाढला की माणसं जमिनीला चिकटतात, आणखी वाढला की पळ काढतात. मग आपण एक बटण दाबून त्यांना धीर द्यायचा. तोही दरवेळी लागू पडतोच असं नाही. कुठल्याही खेळातलं इतकं लोभस बटण मी दुसरं पाहिलेलं नाही.

एवढं सांगून मी चहा टाकायला उठलो. परत आलो तरी डाव माझाच. मशीनगनवाला आपला भिंतीवर गोळ्या झाडतोय आणि परग्रहवासी मान खाली घालून निमूट बसलाय. बाबा खुर्ची ओढून पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोळ्यांच्या हिशेबाकडे रोखून बघत होते.

“मघापासून मोजतोय. गोळ्या चालूच आहेत,” ते म्हणाले, “आणि वजावट एकदाच?”