वर्गमूळ आभाळाला

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या क्लासच्या ऑनलाइन नोट्स उघडा. वर्गसमीकरणाच्या सूत्राचं चित्र बघा: छेदातला ‘२ए’ ओळीवर पाय रोवून उभा, वर्गमूळ आभाळाला, वरची ओळ ढकललेली. ब्राउझर बिचारा नियमानेच वागतो. चित्राची खालची कड अक्षरांच्या पायावर टेकवतो. छेद पायाखाली उतरायला हवा, हे त्याला कोण सांगणार? डोनाल्ड कनूथ यांची अक्षरजुळणीची ‘टेक’ प्रणाली १९७८ पासून प्रत्येक चौकटीची पायावरची उंची आणि पायाखालची खोली वेगवेगळी मोजते. आपण चित्र करताना खोली टाकून देतो (शिकवण्यातलीही, पण ते असो). क्लासचालकहो, चित्राच्या सीएसएसमधल्या ‘व्हर्टिकल-अलाइन’ला त्या खोलीइतकी ऋण किंमत द्या. ऋण संख्या तर तुम्ही सहावीलाच शिकवता!