मणक्याला थर्माकोल नाही

चाकणच्या एमआयडीसीतून निघणाऱ्या मालाचे लाड बघावेत. काचेला थर्माकोल, हेडलाइटला बबल-रॅप, सुट्या भागांना खास खाचा पाडलेले प्लॅस्टिकचे ट्रे. वर पट्ट्या आवळलेल्या, खोक्यावर छापलेलं: ‘नाजूक, जपून हाताळा’. सगळं कशासाठी, तर नाशिक हायवेवर एक ओरखडा पडू नये. त्या अख्ख्या गाडीत पॅकिंगशिवाय चाललेला एकच नग असतो आणि तो स्टेअरिंगमागे बसलेला असतो.

रहाटणी-काळेवाडीत हे नग गल्लोगल्ली भेटतात. कुणी कंपनीच्या बसवर, कुणी रिक्षावर, कुणी छोटा हत्तीवर. टेम्पोवाला उतरतो कसा ते एकदा नीट पाहा. उजवा पाय खाली टेकतो, दार घट्ट धरतो, क्षणभर काटकोनात थांबतो आणि मग टप्प्याटप्प्याने माणसासारखा उभा राहतो. शर्टाखाली मेडिकलमधून आणलेला पट्टा. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मणक्यात गॅप आलीय.” शेअर रिक्षावाल्याचं तर विचारूच नका. चौथं सीट शेजारी घेतल्यावर त्याच्या वाट्याला स्वतःच्याच सीटचा अर्धा कोपरा येतो. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि खालून खड्डे.

बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त झोंबते. ट्रक-टेम्पोच्या सीटमधून येणारे हादरे बरेचसे याच पट्ट्यात बसतात. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला सावरायला धावतात आणि शेवटी दमतात. मग भार पडतो मणक्यांमधल्या चकत्यांवर. त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे झीज भरून यायलाही वेळ लागतो.

आता गंमत ऐका. हादरे मोजण्यात आपली पंचक्रोशी कच्ची नाही. कोथरूडला गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, चाकणलाही त्यांचं केंद्र आहे. भोसरीला रस्ते वाहतुकीवर संशोधन करणारी सीआयआरटी १९६७ पासून. नवी गाडी बाजारात यायच्या आधी तिला यंत्रावर चढवून गदागदा हलवतात, खराब रस्ता प्रयोगशाळेतच उभा करतात, चॅसिसला तडा कधी जाईल ते शोधून काढतात. ड्रायव्हरला तडा कधी जाईल याची वॉरंटी मात्र कुणाच्या पुस्तिकेत नसते.

युरोपने २००२ मध्ये आकडा ठरवून टाकला. आठ तासांच्या कामात अंगाला बसणाऱ्या हादऱ्याची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाने हालचाल करायची, १.१५ ही कमाल मर्यादा. जर्मनीत तर वर्षानुवर्षे बसून उभे धक्के खाल्ल्याने कमरेच्या चकत्या गेल्या, तर १९९३ पासून तो धंद्यातून आलेला रोग मानला जातो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातली रोगांची यादी २०२० च्या नव्या कामगार संहितेत जवळपास तशीच उतरली. त्यात आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, कंबर नाही. ड्रायव्हरने कानाने गाडी चालवली असती तर काही सोय झाली असती.

बरं, दोष द्यायचा कुणाला? कंबरदुखी एकट्या हादऱ्याने होत नाही हे खरंच आहे. तासन् तास बसणं, वाकडं बसणं, वर हमाली, सगळं त्यात येतं. ही शास्त्रीय गुंतागुंत प्रत्येकाच्या पथ्यावर पडते. कंपनी म्हणते रस्ते खराब, रस्तेवाले म्हणतात गाड्या ओव्हरलोड, मालक म्हणतो हाच नीट बसत नाही. स्पीडब्रेकर कसा असावा याचंही इंडियन रोड्स काँग्रेसने माप दिलंय: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. आमच्या सोसायट्यांसमोर उंचीच्या बाबतीत ढिलाई दिसत नाही. रुंदी तेवढी डांबरासोबत वाचवलेली असते.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं, उन्हाळ्यात ती केबिन म्हणजे भट्टी. आता कंबर थंडगार हवेत दुखेल. धक्के शोषून घेणारं एअर सस्पेन्शनचं सीटही बाजारात मिळतं, पण ते मागितलं की मालकाचा ठरलेला सवाल: “गाडी चालवायचीय का झोपायचंय?”

शेवटी ड्रायव्हर डॉक्टरकडे जातो. डॉक्टर एमआरआय बघतात, गोळ्या लिहितात आणि सल्ला देतात: वजन उचलू नका, वाकू नका, खराब रस्त्याने प्रवास टाळा आणि मुख्य म्हणजे महिनाभर फार वेळ बसू नका. तो मान डोलावतो आणि विचारतो, “डॉक्टर, मग उभ्याने चालवू का?”