पानं किती?

आमच्या भटकंती मंडळाने आजवर जे जे पाहिलं, ते धावत पाहिलं. अष्टविनायक दोन दिवसांत, हंपी दीड दिवसात, आणि अजिंठा तर 'चला, चला, वेरूळ बंद होईल' या पार्श्वसंगीतावर. सभासदांचं वय साठीच्या पुढे आणि वेग विनाथांबा एसटीचा. त्यामुळे २०२३च्या वार्षिक सभेत उठाव झाला. या वेळी कुठेही जाऊ, पण निवांत जाऊ. समुद्र पाहिजे, बघायचं काही नको. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला आणि त्याच कडकडाटात सहल-प्रमुख म्हणून माझं नाव जाहीर झालं. मी तेव्हा बाहेर बटाटेवड्यांच्या रांगेत होतो. वडा घेऊन आत आलो तर लोक माझं अभिनंदन करत होते.

निवांत सहल आखायची तर तयारी कडक हवी, अशी माझी समजूत. आधी ठिकाण. अलिबाग म्हटलं तर 'तिथे काय, केव्हाही जाता येतं' (म्हणणारे कधीच गेलेले नव्हते). तारकर्ली म्हटलं तर 'गुडघे'. गणपतीपुळ्याला देवदर्शनाची रांग लागते आणि रांग लागली की आमच्या लोकांच्या अंगात परत धावपळ संचारते. शेवटी दापोली ठरली. त्यावर खजिनदारांनी, म्हणजे आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या गृहस्थांनी, दापोलीला समुद्र नसल्याचं निदर्शनास आणून दिलं. ते खरंच आहे. दापोली डोंगरावर, समुद्र खाली काही मैलांवर. मग मुरुड ठरलं. नारळी-पोफळीच्या वाड्या, लांबलचक पुळण आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय.

तारीख मात्र माझी एकट्याची निवड. शनिवार, २८ ऑक्टोबर. कोजागरी! समुद्रकिनारा, चांदणं, मसाला दूध, पेटी. ही कल्पना सुचल्यावर मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी मोबाइलमध्ये वार पाहिला आणि बस, खोल्या, सगळ्यांची आगाऊ रक्कम भरून मोकळा झालो. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं नाही. ते अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी पाहिलं आणि रात्री साडेदहाला फोन करून अत्यंत मृदू आवाजात विचारलं, "भाऊजी, ग्रहणात दूध कसं चालेल हो?"

२८ ऑक्टोबरच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी लागणार, दोन तेवीसला सुटणार. पण त्याचे वेध दुपारीच, तीन-सव्वातीनला सुरू. वेध लागले की जेवण बंद. मी 'विज्ञाननिष्ठा' या विषयावर चार वाक्यं बोलून पाहिली. पलीकडून "ते बरोबरच आहे हो, पण रात्री माझं पान धरू नका" असं आलं.

आता पानांविषयी सांगायला हवं. कोकणात घरगुती खाणावळीत माणसं मोजत नाहीत, पानं मोजतात. मुरुडच्या काकूंचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. "पानं किती?" मी म्हटलं, "चौतीस." "नक्की ना? दोन-चार वाढली तर बघून घेऊ. पण ऐन वेळी कमी करू नका. नारळ खवलेला असतो." या एका वाक्यात त्यांनी माझ्या पुढच्या हालअपेष्टांची प्रस्तावना करून ठेवली होती.

शनिवार रात्रीचा माझा आकडा असा गेला: चौतीस. वेध पाळणारे वगळून तेवीस. मग कोणीतरी वाचलं की आजारी आणि वृद्ध माणसांना वेधातून सूट असते. तासाभरात सात जणांनी आपल्याला मधुमेह असल्याचं कळवलं, एकांनी रक्तदाब, एकांनी 'पित्त प्रकृती'. मंडळात एवढी आजारी माणसं आहेत हे मला मंडळाच्या आरोग्य शिबिरातसुद्धा कळलं नव्हतं. आकडा बत्तिसावर आला. वृद्ध म्हणून मात्र एकाही सभासदाने सूट मागितली नाही. पुढे दोन मधुमेहींच्या सुनांनी त्यांना फोनवरून परत धार्मिक केलं. दर बदलाला मी काकूंना फोन करायचो. चौथ्या-पाचव्या फोननंतर त्या "हं, बोला" म्हणायच्याही बंद झाल्या. नुसता खोबरं किसल्याचा आवाज यायचा.

शिवाय मी वेळापत्रक छापलं होतं. त्याची प्रत अजून खजिनदारांकडे आहे आणि ते ती लग्नाकार्यात लोकांना दाखवतात. त्यात 'सायं. ५.१५ ते ६.०० : निवांतपणा (पुळणीवर)' अशी एक ओळ आहे आणि खाली टीप : 'कृपया वेळेवर यावे'.

प्रत्यक्षात निवांत सहलीची सुरुवात शर्यतीने झाली. वेधाच्या आत जेवायचं तर मुरुडला अडीचपर्यंत पोचायला हवं. ताम्हिणी सुरेख उतरलो. धबधबे आटत आले होते तरी कडे हिरवे होते, पण बाहेर पाहायला कोणाला सवड नव्हती, सगळे घड्याळं पाहत होते. माणगावला मुंबई-गोवा हायवे लागला. दसरा होऊन चार दिवस झालेले, त्यात शनिवार, त्यात तो रस्ता वर्षानुवर्षं 'काम प्रगतिपथावर' असलेला. गाड्या जागच्या हलेनात. बसमध्ये मागून आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, माणसं उपाशी राहतील हो!" ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गणपतीत, लग्नसराईत, कुठल्याही हंगामात गाडी चालवलेला माणूस, पण ग्रहण गाठायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तीनला दहा कमी असताना आम्ही काकूंच्या ओटीवर उतरलो आणि चपला अंगणात सोडता सोडता पंगतीवर बसलो. केळीचं पान, डाळिंब्यांची उसळ, काजू घातलेली भाजी, सोलकढी आणि उकडीचे मोदक. मोदक खायची एक रीत आहे. त्याचं नाक मोडायचं, आत साजूक तुपाची धार सोडायची, क्षणभर थांबायचं. काकू तुपाचं भांडं घेऊन थांबल्या होत्या, थांबायला आमच्यात कोणी तयार नव्हतं. अध्यक्षांनी तीन मोदक घड्याळाकडे बघत खाल्ले. वीस मिनिटांत पंगत उठली. काकू भावाकडे, म्हणजे खाणावळीच्या मालकांकडे, वळून म्हणाल्या, "यांची गाडी चुकत्ये का रे?"

तेवढ्यात लक्षात आलं की दोन पानं रिकामी आहेत. एक जोडपं स्वतःच्या मोटारीने येणार होतं. फोन केला. "आम्ही कधीच पोचलो! समोर पाण्यात किल्ला दिसतोय, काय झकास आहे!" मुरुडच्या शेजारी हर्णै, हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मी म्हटलं, "तोच! तिथून जवळच आहे, या." अर्ध्या तासाने फोटो आला. त्यात शिडाच्या होड्या आणि तो काळाकभिन्न तट. किल्ला होता जंजिरा. ही मंडळी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला पोचली होती. निमंत्रणात मी ठळक अक्षरात 'मुरुड' एवढंच छापलं होतं, तालुका लिहायला जागा उरली नव्हती. वेळापत्रकाने खाल्ली होती.

संध्याकाळी सव्वापाचला आम्ही शिस्तीत निवांतपणाला गेलो. समुद्र तिथे नव्हता. म्हणजे होता, पण फार लांब. ओली पुळण चकाकत पसरलेली आणि पलीकडे कुठेतरी पांढरी रेघ. सभासद पाय भिजवायला निघाले ते सूर्य बुडेपर्यंत चालतच राहिले. मला मात्र आनंद झाला. रात्रीच्या कोजागरीला अशी ऐसपैस, सपाट, कोरडी जागा शोधूनही मिळाली नसती. मी काठ्या रोवून जागा धरली. भाऊ नारळाच्या बुंध्याशी उभे राहून हे बघत होते. म्हणाले, "एवढ्या पुढे बसणार?" मी हसून त्यांना समुद्र दाखवला. तेही हसले.

रात्री साडेदहाला सतरंज्या पसरल्या. चांदणं असं की पेटीच्या पट्ट्या मोजाव्यात. चारोळ्या-केशर घातलेलं दूध पातेल्यात उकळत होतं. वेध पाळणाऱ्यांना प्रसाद म्हणून पळीभर, बाकीच्यांना पेलाभर, असा तोडगा निघाला होता आणि पळीवाले पेल्यांकडे अनासक्त नजरेने बघत होते. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मालकंसात सूर लावला. खरोखर सुंदर लावला. मी डोळे मिटले. साथीला लाटांचा आवाज येत होता, आणि मी मनाशी म्हटलं, वा, आवाज किती जवळून येतोय.

पहिल्यांदा चपला गेल्या. सतरंजीच्या कडेला चौतीस उणे दोन जणांच्या चपला ओळीने लावल्या होत्या (वेळापत्रकातली सूचना क्रमांक नऊ). पाण्याची एक पातळ जीभ आली, ओळीखालून फिरली आणि ओळ घेऊन मागे गेली. कोणी ओरडेपर्यंत दुसरी आली ती सतरंजीवर. पुढचं मला तुटक आठवतं. दोघांनी पातेलं उचललं, खजिनदारांनी पेटी डोक्यावर घेतली, अध्यक्ष 'घाबरू नका' असं ओरडत सर्वांत पुढे धावत होते. सपाट पुळणीवर भरती किती भरभर चढते हे पुस्तकात वाचून कळत नाही.

ओटीवर भाऊ कंदील घेऊन बसले होते. त्यांनी मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज पौर्णिमा, म्हणजे पंधरा. खजिनदार ओल्या धोतरात तत्परतेने म्हणाले, "सव्वाअकरा." भाऊ म्हणाले, "मागेपुढे धरा थोडं. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी एरवीपेक्षा वर येतं. अष्टमीला आला असतात तर भांगाची भरती मिळाली असती, तुमच्या काठ्यांपर्यंत आली नसती." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? "तुम्ही समुद्र दाखवलात ना मला."

एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहण लागलं. आम्ही सगळे अंगणात टॉवेल गुंडाळून उभे. चंद्राचा जेमतेम एक कोपरा काळवंडला. "एवढंच?" उपाशी गटातून एक क्षीण आवाज आला. खंडग्रास असलं तरी त्यांना जरा मोठा घास अपेक्षित होता.

जंजिऱ्याचं जोडपं दहाच्या आधीच येऊन, जेवून झोपी गेलं होतं. त्यांनी आगरदांड्याला जंगलजेटीत मोटार चढवली, दिघीला उतरले, श्रीवर्धनला चहा घेतला, बागमांडल्याहून वेसवीला पुन्हा जेटी, मग केळशी, आंजर्ले करत आले. वाटेत दोनदा गाडी थांबवून नुसते बसून राहिले म्हणे. सबंध सहलीत निवांतपणा एवढ्या दोघांनाच मिळाला, आणि तोही वेळापत्रकात नव्हता.

रविवारी पहाटे ओहोटीच्या वेळी सगळं मंडळ पुळणीवर चपला शोधत हिंडत होतं. भरतीने त्या नीट वर आणून टाकल्या होत्या, फक्त मैलभर अंतरात विखरून. 'सकाळी ६ ते ७ : किनाऱ्यावर फेरफटका' हे कलम माझ्या हयातीत प्रथमच शंभर टक्के उपस्थितीने पार पडलं.

नंतर आसूदच्या केशवराजला गेलो. 'गारंबीचा बापू' वाचलेल्यांनी हट्ट धरला होता. पोफळींच्या सावलीतून उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या. पायऱ्या पाहून निम्मे साकवावरच बसले. मी त्यांना आठवण करून दिली की याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे मुलगेपणी परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. "आणि तिथे?" कोणीतरी विचारलं. तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. "बघा," साकवावरून उत्तर आलं, आणि बसलेले आणखी सैलावून बसले.

हर्णैचा मासळीचा लिलाव मी धावत दाखवला. वेळ कमी होता.

निघताना काकूंचं बिल चुकतं केलं. शनिवारी रात्री तीस पानं मांडली होती आणि जेवले होते अडतीस. पळीभर दुधावर राहिलेल्यांपैकी बरेच जण ग्रहण सुटल्यावर अडीच वाजता स्नान करून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले होते, आणि काही मधुमेही त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा. काकूंनी उठून आमटी गरम केली, भात लावला. जादा पानांचे पैसे त्या घेईनात. फार आग्रह केला तेव्हा घेतले.

कोकणात जाणार असाल तर एवढं करा. मुरुड म्हणताना दापोलीचं म्हणा, निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, आणि पानांचा आकडा आदल्या दिवशी एकदाच, नक्की करून सांगा. नारळ खवलेला असतो.