सतराचे सर

प्रत्येक विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या इमारतीत असे एक सर असतात. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं तर त्यांचं गाव कळत नाही, मुलं किती ते कळत नाही, पण एच-इंडेक्स हमखास कळतो. आमच्या सरांचा सतरा आहे. बरीच वर्षं सतराच आहे आणि या सतराच्या पुढे एक पाऊल पडावं यासाठी त्यांनी जे केलं, तेवढं ध्रुवानंही केलं नसेल.

सर मॉलिक्युलर बायोलॉजीचे, मी मराठी विभागातला. ओळख झाली ती परीक्षेच्या सुपरव्हिजनला. ‘तुमचा किती?’ हा त्यांचा मला पहिला प्रश्न. मी सदऱ्याचं माप सांगितलं. ते दयेनं हसले आणि एच-इंडेक्स समजावून सांगू लागले.

प्रकार असा आहे. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी काढली. तुमच्या सतरा पेपरांचा प्रत्येकी निदान सतरा वेळा कुणीतरी आपल्या पेपरात उल्लेख केला असेल, तर तुम्ही सतरा. अठरा व्हायचं तर अठरा पेपरांना अठरा-अठरा उल्लेख हवेत. एकाच पेपराला हजार उल्लेख मिळाले तरी तो धरायचा एकच. या उल्लेखाला ते लोक सायटेशन म्हणतात. आमच्या विभागात एकमेकांच्या लेखांचा उल्लेख करतात तो फक्त चुका दाखवायला, त्यामुळे मला आधी वाटलं की हा माणूस स्वतःच्या चुका मोजतोय.

सर सकाळी मोबाइलवर आधी गूगल स्कॉलर उघडतात, मग डोळे. उल्लेखांचा आकडा वाढला असेल तर दिवस चांगला. तो कमीही होतो, कारण गूगल अधूनमधून दुबार नोंदी गाळतं. एकदा सर कँटीनमध्ये चहा पुढे घेऊन नुसतेच बसले होते. कँटीनवाल्यानं विचारलं, ‘काय झालं सर?’

‘दोन गेले.’

‘अरेरे! घरातले?’

‘नाही रे, डुप्लिकेट होते.’

तेव्हापासून तो सरांच्या चहात साखर जास्त घालतो.

सरांकडे एक एक्सेल शीट आहे. आपल्याकडे लग्नघरात आहेराची वही असते ना, कुणी काय दिलं आणि आपण त्यांच्याकडे काय द्यायचं याची, तशी. कानपूरच्या अमक्यांनी दोनदा उल्लेख केला, आपण एकदाच फेडला, एक बाकी. तैवानच्या बाईंनी उल्लेख केला तो ‘हा निष्कर्ष आम्हाला पुन्हा मिळवता आला नाही’ या वाक्यात. सरांनी तोही जमेत मांडला. गूगलला वाक्याचा सूर कळत नाही, म्हणाले, आकडा कळतो. (हे शास्त्रीय सत्य आहे. मी खात्री करून घेतली.)

दुसऱ्यांचे पेपर तपासायला येतात तेव्हा सरांचं नाव गुप्त असतं. ते कसोशीनं तपासतात, ग्राफची खोडी काढतात, कंट्रोल कुठे आहे म्हणून दरडावतात आणि शेवटी सुचवतात की लेखकांनी पुढील तीन महत्त्वाचे पेपर वाचून त्यांचा उल्लेख करावा. तिन्ही अर्थातच सरांचे. एवढं करूनही आपण गुप्तच आहोत असं त्यांना मनापासून वाटतं.

आता सरांचं खरं दुःख. त्यांचा सर्वांत गाजलेला पेपर आहे आंब्याच्या पानातून डीएनए काढण्याचा. आंब्याच्या पानात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा इतक्या असतात की डीएनए तपकिरी, बुळबुळीत निघतो आणि पुढे त्याच्या प्रती काढणारी पीसीआर चालतच नाही. सरांच्या एका विद्यार्थिनीनं मीठ वाढवून आणि पीव्हीपीची पूड घालून, महागडं किट न घेता, स्वच्छ डीएनए काढला. सरांनी दोन पानं लिहून टाकली आणि विसरले. जग मात्र विसरलं नाही. फणसवाले, काजूवाले, कोकमवाले, ज्याच्या पानात चीक आहे तो प्रत्येक जण हा पेपर उल्लेखतो. नवा उल्लेख आला की सर कपाळाला हात लावतात. ‘पुन्हा आंबा! वाया गेला!’ कारण तो पेपर केव्हाच भरलेला. त्यात कितीही ओता, सतरा हलत नाही.

सांत्वन म्हणून मी थोडं वाचन केलं. या क्षेत्रातला, नव्हे सगळ्या विज्ञानातला सर्वाधिक उल्लेखलेला पेपर आहे ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, 1951 सालचा. त्यात आहे काय? द्रावणात प्रथिन किती, हे मोजायची कृती. उल्लेख तीन लाखांच्या वर. हा काही आपला थोर पेपर नव्हे, असं खुद्द लाउरीच म्हणत. याउलट 25 एप्रिल 1953 ला वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचा दुहेरी पीळ जेमतेम पानभरात मांडला. ‘नेचर’नं 2014 साली सर्वाधिक उल्लेखलेल्या शंभर पेपरांची यादी काढली, तर त्यात तो नाही. कारण साधं आहे. प्रथिन मोजणाऱ्याला कोणती कृती वापरली ते लिहावंच लागतं. दुहेरी पीळ सगळ्यांच्या डोक्यात इतका मुरला आहे की कुठून आला हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

सर खूश झाले. ‘म्हणजे त्या यादीत वॉटसन-क्रिक नाहीत आणि मीही नाही.’ लगेच पुढचा हिशेब झाला. ‘पण बघा, तीन लाख उल्लेखांचं लाउरींना एच-इंडेक्समध्ये मिळालं काय? एक!’

मधे एकदा सर पेपरात आले, म्हणजे वर्तमानपत्रात. स्टॅनफर्डचे जॉन इओॲनिडिस आणि सहकारी सायटेशनच्या हिशेबानं दरवर्षी एक यादी काढतात. तिच्यावरून आपल्याकडे ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ अशी बातमी फोटोसकट छापून येते, चौकात फ्लेक्सही लागतो. सरांच्या आईनं चष्मा लावून बातमी वाचली आणि काळजीनं विचारलं, ‘दोनच टक्के? मग पास कसं केलं तुला?’

माउलीची शंका मला रास्त वाटते. सायटेशनची पहिली मोठी सूची 1964 साली युजीन गारफिल्ड यांनी काढली, ती ग्रंथालयात एका पेपरावरून दुसऱ्यापर्यंत पोचता यावं म्हणून. माणसं तोलायला नव्हे. पण आपल्याकडे 2010 पासून यूजीसीच्या नियमांत पेपरांना गुण आले आणि निवड समितीला वाचायचं काम उरलं नाही. मुलाखतीत सरांना आकडा विचारला, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारला. पेपरात काय आहे, हे एकानंही विचारलं नाही. तेव्हा माणूस आकडा पाठ करणार नाही तर काय करणार?

मी विचारलं एकदा. सरांच्या ज्वारीवरच्या एका पेपराविषयी. सरांचा चेहराच बदलला. मंगळवेढ्याकडची मालदांडी रब्बीत पावसाशिवाय उभी राहते, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर. दाणा भरायच्या वेळी ती ओलही संपत येते, तेव्हा पानं हिरवी ठेवायची की वाळू द्यायची हे ताट ठरवतं कसं? मुळं कोणता निरोप वर धाडतात, त्या वेळी कोणती जनुकं जागी होतात? त्यासाठी सर भर जानेवारीत पहाटे शेतात बसून मुळं धुवायचे, जागच्या जागी द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. तासभर बोलले. त्या तासात एकही आकडा आला नाही. मला सगळं कळलं असं नाही, पण विद्यापीठात इतकं चांगलं व्याख्यान मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

तो पेपर सरांचा सर्वोत्तम आहे, असं माझं मत. यादीतला अठरावा तोच. उल्लेख सोळा, त्यातले चार सरांचे स्वतःचे.

तेव्हा वाचकहो, तुमची भाची, पुतण्या, शेजारची मुलगी, कुणी ज्वारीवर पीएच.डी. करत असेल तर एवढं सांगा, हा पेपर वाच. वाचून पटला तरच उल्लेख कर. दोनच लागतात. आंब्याचा मात्र कृपा करून नको.