पूर्वतयारी-वर्गाचा यथासांग विधी

दहावीनंतर गणिताचा निरोप घेतलेल्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षी त्याच गणिताशी पुन्हा गाठ पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी बीजगणिताचे जे वर्ग भरवले जातात, त्यांना या मार्गदर्शनात ‘पूर्वतयारी-वर्ग’ असे संबोधले आहे. व्यवहारात त्यांना कोणी ब्रिज कोर्स म्हणते, कोणी फाउंडेशन बॅच म्हणते, आणि ज्यांच्या घरातून असा क्लास लावलेला असतो ते शेजाऱ्यांना ‘सहज, जरा वेळ जावा म्हणून’ एवढेच सांगतात. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत हाच प्रकार डेव्हलपमेंटल अल्जिब्रा या नावाने चालतो, त्याचे श्रेयांक पदवीसाठी सहसा धरले जात नाहीत, आणि पुष्कळसे विद्यार्थी या पायरीवरच अडकून पडतात असे दिसून आल्यावर कॅलिफोर्निया राज्याने 2017 साली कायदा करून अशा वर्गांत विद्यार्थ्यांना बसवण्याच्या सक्तीवर मर्यादा घातली. मुंबईच्या उपनगरांत असल्या कायद्याचा काही उपयोग होणार नाही, कारण येथे सक्ती महाविद्यालयाची नसून वडिलांची असते.

या विधीस पात्र ठरण्याची पहिली अट अशी की, विद्यार्थ्याने गणित एकदा समारंभपूर्वक सोडलेले असावे. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावी-बारावी वाणिज्य शाखेत गणित घ्यावे की सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजेच ‘एस.पी.’, असा पर्याय मिळतो, आणि दहावीच्या गणित भाग 1 मध्ये, म्हणजे बीजगणितात, काठावर निभावलेला विद्यार्थी एस.पी.च्या आश्रयाला जातो, तेथे दोन वर्षे कंपनीच्या सचिवाच्या वतीने भागधारकांना नम्रतेची पत्रे लिहितो, आणि गणिताचे देणे कायमचे फिटले अशा समजुतीत सुखाने राहतो. पुढे बी.कॉम.ला गेल्यावर मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा विषय समोर येतो, ज्यात शेअर व म्युच्युअल फंड, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, लीनियर प्रोग्रॅमिंग, डेरिव्हेटिव्ह आणि अ‍ॅन्युइटी ही मंडळी वाट पाहत असतात. तात्पर्य, ज्या भागधारकाला काल लाभांशाचे पत्र धाडले त्याच्या शेअरवरचा परतावा आज प्रत्यक्ष काढून दाखवावा लागतो. अभियांत्रिकीचीही अशीच एक वाट आहे: 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसलेल्यांसाठीही दार किलकिले केले, आणि अशांसाठी विद्यापीठांनी ब्रिज कोर्स घ्यावेत असे सुचवले. त्या वाटेने आलेल्यांचा विचार येथे केलेला नाही, कारण त्यांचे दुःख मोठे आहे.

वर्ग कोणता निवडावा, याविषयी जाहिरातींत पुष्कळ लिहिलेले असते, परंतु खरा निकष एकच: स्टेशनपासून चालत जाता यावे. वर्ग बहुधा रविवारी सकाळी असतो, आणि रविवार हा मुलुंड-घाटकोपरकडील विद्यार्थ्यांसाठी मेगाब्लॉकचा व अंधेरी-बोरीवलीकडील विद्यार्थ्यांसाठी जम्बो ब्लॉकचा दिवस असल्यामुळे, गैरहजेरीचे कारण रेल्वे स्वतःच शनिवारी छापून देते. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीच्या विद्यार्थ्याला घाटकोपरच्या वर्गाला न जाण्याचे एक सबळ निमित्त मात्र कायमचे गेले.

पहिल्या दिवशी चाचणी घेतली जाते. तिला ‘स्तर निश्चिती’ असे भारदस्त नाव असले तरी तीत एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज विचारलेली असते, आणि वर्गातील निम्मी मंडळी अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून दोन पंचमांश असे उत्तर लिहून मोकळी होतात. अर्ध्यामध्ये आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसे होईल, असा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण अपूर्णांक हा पाचवी-सहावीचा विषय असून पदवीच्या विद्यार्थ्याने त्याकडे पाहणे कमीपणाचे मानले जाते. या चाचणीत शेजाऱ्याचे पाहून लिहू नये. इतर परीक्षांत कॉपी करणे हा अपराध असेल, येथे तो निव्वळ तोटा आहे, कारण पाहून लिहिणारा थेट वर्गसमीकरणांच्या तुकडीत जाऊन बसतो आणि छेद समान करण्याचे दोन रविवार त्याच्या हातून निसटतात. सबंध अभ्यासक्रमात खऱ्या उपयोगाचे रविवार तेवढेच असतात, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

त्यानंतर चिन्हे येतात. धन म्हणजे शून्याहून अधिक आणि ऋण म्हणजे शून्याहून उणी अशा संख्यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात घालून दिले, आणि ऋण गुणिले ऋण म्हणजे धन हे तेव्हापासून ठरलेले असले तरी उपनगरातील प्रत्येक पूर्वतयारी-वर्गात त्यावर दर वर्षी नव्याने मतदान होते. 5 − 2(क्ष − 3) एवढी एक राशी फळ्यावर लिहावी आणि वर्गाकडे पाहावे. एक गट पाचातून दोन आधी वजा करून 3(क्ष − 3) असे लिहील. शाळेत घोकलेला ‘कंचेभागुबेव’ हा मंत्र, म्हणजे कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रियांचा क्रम, त्याला तोंडपाठ असतो, फक्त तो येथे लागू आहे हे ठाऊक नसते. दुसरा गट 5 − 2क्ष − 6 असे लिहील, कारण कंसाबाहेरचे ऋण चिन्ह कंसातल्या पहिल्या पदाला भेटून परत जाते अशी त्याची श्रद्धा आहे. ते ऋण चिन्ह कंसातल्या प्रत्येक पदाला गुणते, उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा होतात, आणि उत्तर 11 − 2क्ष येते, हे सर सांगतात तेव्हा सगळे माना डोलावतात. पुढच्या रविवारी पुन्हा 5 − 2क्ष − 6.

पद समीकरणाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेले की चिन्ह बदलते, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. मात्र बाजू बदलणाऱ्यालाच मूळ चिन्ह मिळण्याची जी सोय राजकारणात आहे ती बीजगणितात नाही. खरे पाहता पद कोठे जातच नाही, दोन्ही बाजूंतून तेच पद वजा केलेले असते, आणि एवढी एक गोष्ट ज्याला मनापासून पटली त्याला ‘इकडून तिकडे’ची पुढची सगळी धावपळ वाचते.

आता वडिलांविषयी. या मार्गदर्शनातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग असून तो विद्यार्थ्याने मोठ्याने वाचू नये. एके काळी शालान्त परीक्षेत बीजगणित 75 आणि भूमिती 75 असे मिळून गणिताला 150 गुण असत, आणि त्या काळी दहावी झालेल्या प्रत्येक वडिलांना 150 पैकी 140 च्या आसपास गुण मिळालेले असतात. मग कमी गुण मिळवणारे ते सगळे विद्यार्थी पुढे कोणाचेच वडील झाले नाहीत काय, हा संशोधनाचा विषय आहे. असे वडील कचेरीतून सातच्या लोकलने घरी येतात, हातपाय धुतात, मुलाच्या वहीत डोकावतात आणि ‘अरे, हे तर तोंडी येतं’ असे म्हणतात. अडचण ही की, ते खरोखरच तोंडी करतात आणि उत्तर बरोबर काढतात. वर्गसमीकरण दिसताच मधल्या पदाचे दोन तुकडे त्यांना आपोआप दिसतात. ते कसे दिसतात हे विचारले तर ‘दिसतात’ असे उत्तर मिळते, आणि मुलाला ते दिसत नाहीत असे लक्षात आल्यावर संभाषण मोबाईल, रात्रीची जागरणे आणि सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरचा सी.ए.च्या परीक्षेला बसणारा मुलगा अशा क्रमाने पुढे सरकते. अशा वेळी वडिलांच्या हाती पेन्सिल द्यावी आणि ‘बाबा, सगळ्या स्टेप लिहून दाखवा’ अशी विनंती करावी. पहिली पायरी लिहिताना ते वैतागतात, तिसरीला थबकतात, आणि थोड्या वेळाने माळ्यावरच्या ट्रंकेतून स्वतःचे जुने लॉग टेबलचे पुस्तक काढून आणतात, ज्याची येथे काडीची गरज नसते. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिलेली असते. त्या रात्री गणित फारसे पुढे जात नाही, पण दोघे अकरापर्यंत शेजारी बसलेले असतात, आणि आईने जेवायला दोनदा हाक मारूनही कोणी उठत नाही.

दोन चलांतील रेषीय समीकरण, म्हणजे ज्याचा आलेख काढला असता सरळ रेषा मिळते असे समीकरण, शिकण्यासाठी उपनगरात रिक्षासारखे साधन नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे 26 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे झाले. अंतर क्ष किलोमीटर मानून भाड्याचे समीकरण मांडण्यास सांगितले असता वर्ग एकमुखाने 17.14क्ष + 26 असे मांडतो, आणि या हिशेबाने चार किलोमीटरला 94 रुपये 56 पैसे देऊन टाकतो. रोज रिक्षाने येणाऱ्या विद्यार्थ्यालाही यात काही खटकत नाही, हे विशेष. तोच विद्यार्थी स्टँडवर पाच रुपये जास्त मागितले तर हमरीतुमरीवर येईल. चूक अशी की, त्या 26 रुपयांत पहिला दीड किलोमीटर आधीच आलेला आहे, म्हणून दर फक्त उरलेल्या अंतराला लावायचा: 26 + 17.14(क्ष − 1.5). कंस सोडवला की 17.14क्ष + 0.29 मिळते आणि चार किलोमीटरला 68 रुपये 85 पैसे, म्हणजे मीटरने 69 रुपये होतात. येथे 17.14 हा रेषेचा चढ, म्हणजे अंतर एकाने वाढले असता भाडे जेवढ्याने वाढते तो आकडा. आणि ज्याला वर्ग 26 समजत होता ते स्थिरपद, म्हणजे क्ष शून्य असताना समीकरणातून मिळणारी संख्या, अवघे 29 पैसे. किमान भाडे वेगळे आणि स्थिरपद वेगळे, हा भेद ज्याला कळला त्याने पहिल्या वर्षाच्या फंक्शनच्या प्रकरणाची निम्मी लढाई जिंकली. हे समीकरण क्ष दीड किंवा त्याहून अधिक असतानाच चालते. ज्या किंमतींसाठी एखादे सूत्र लागू असते त्यांच्या समूहास डोमेन म्हणतात, आणि संध्याकाळी अंधेरी स्टेशनाबाहेर जवळचे भाडे मागून पाहिल्यास डोमेन ही संकल्पना प्रात्यक्षिकासह समजते.

अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग नव्हे. शंका आल्यास अ = 3 आणि ब = 4 घालून पाहावे: एकीकडे 49, दुसरीकडे 25. जो नियम खरा वाटतो पण आठवत नाही तो संख्या घालून तपासावा, मात्र 0, 1 आणि 2 या संख्या त्यासाठी घेऊ नयेत, कारण दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन दोन्हीचे चारच होतात आणि खोट्या नियमाला साक्षीदार मिळतो.

कॅल्क्युलेटर वापरू नये.

वर्गात ‘कळलं का?’ असा प्रश्न आल्यास ‘कळलं’ असे उत्तर देण्याची प्रथा आहे. ती पाळणारा विद्यार्थी नम्र, सालस आणि पुढे हमखास केटी लागणारा असतो. केटी म्हणजे नापास झालेला विषय शिल्लक ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची मुभा. वास्तविक या वर्गातील सर इतर ठिकाणच्या सरांपेक्षा वेगळ्या घडणीचे असतात. त्यांना कोणी गणितज्ञ म्हणत नाही, त्यांचा फोटो निकालाच्या फ्लेक्सवर लागत नाही, फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत पंखा तिसऱ्यावर ठेवून ते वीस वर्षांच्या मुलांना अपूर्णांक शिकवतात आणि शिकवताना ‘हे तुम्हाला सहावीत यायला हवं होतं’ हे वाक्य एकदाही उच्चारत नाहीत. अशा माणसाला न कळताच ‘कळलं’ म्हणून सांगणे हा शुद्ध दगा आहे. न कळलेले विचारावे, तिसऱ्यांदाही विचारावे, मागच्या बाकावरून कोणी हसले तर त्याला पुढे बोलावून 5 − 2(क्ष − 3) सोडवायला द्यावे. ‘हे परीक्षेला येणार का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. आणि एवढे करून अपेक्षित प्रश्नसंचच पाठ करायचा असेल, तर वर्गाचे पैसे कशाला भरावेत, त्या पैशांत घरातल्या सगळ्यांचे रेल्वेचे पास निघाले असते.

वर्ग रविवारी सकाळी साडेआठला भरतो. विद्यार्थ्याने चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन दहा मिनिटे आधी यावे. वडिलांना सोबत यायचेच असेल तर त्यांनी खाली चहाच्या टपरीवर थांबावे, आणि मुलगा खाली उतरल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असे विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये, ही नम्र विनंती.